भाड्याच्या पहिल्या घरासाठी फ्लॅटपॅक फर्निचर: खरा कस दुसऱ्या जोडणीत लागतो

भाड्याच्या घरातलं फर्निचर एकदा जोडून भागत नाही. करार संपतो, घर बदलतं आणि तेच कपाट खोलून, वाहून, दुसऱ्या खोलीत पुन्हा उभं करावं लागतं. म्हणून सुट्या फळ्यांनी खोक्यातून येणारं, घरी जोडायचं फर्निचर, म्हणजेच फ्लॅटपॅक, घेताना कसोटी एकच ठेवावी: दुसऱ्यांदा जोडल्यावर ते पहिल्यासारखं ताठ उभं राहतं का? नवंकोरं असताना सगळंच चांगलं दिसतं. फरक कळतो तो आटे एकदा सोडवून पुन्हा आवळल्यावर. उदाहरणांसाठी इथे मुख्यतः आयकियाची मॉडेल्स घेतली आहेत, कारण ती अनेक देशांत मिळतात आणि इतर कंपन्यांचा मालही बहुतेक याच रचनेवर बेतलेला असतो.

आधी फळी कशाची आहे ते बघा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि कपच्या चिकट रसायनात कालवून दाबलेला फळा. एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू असतात, त्यामुळे कड गुळगुळीत येते. तिसरा प्रकार पोकळ फळीचा: कडेला बोर्डाची चौकट, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी आणि वरखाली पातळ पापुद्रा. पार्टिकल बोर्ड जड असतो. २०० बाय ८० सेंमीची १८ मिमी जाडीची एकच फळी १९-२० किलो भरते. भुशाला सलग रेषा नसल्यामुळे स्क्रू त्यात स्वतःचे आटे कापत जातो, आणि तो काढून तिरका घातला की नवे आटे जुन्यांना चिरतात. दोन-तीनदा असं झालं की भोकात नुसता भुगा उरतो. दुसऱ्या जोडणीची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करू. आयकियाचं बिली हे कपाट १९७९ पासून बाजारात आहे. नेहमीचा आकार ८० सेंमी रुंद, २८ सेंमी खोल, २०२ सेंमी उंच. वर-खाली पक्क्या फळ्या, मध्ये एक पक्की फळी आणि बाकीच्या खुंट्यांवर टेकवलेल्या. मधली पक्की फळी सोयीसाठी नाही, दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्या बाहेर फाकू नयेत म्हणून आहे. ‘इथे उंच वस्तू ठेवायची आहे’ म्हणून ती वगळली की कपाट काही महिन्यांत पोटातून फुगतं.

बिलीसारख्या बहुतेक कपाटांत मुख्य जोड कॅम लॉकचा असतो. एका फळीत डोकं असलेली धातूची काडी बसते, दुसऱ्या फळीच्या अंगात १५ मिमी व्यासाची गोल चकती. चकती फिरवली की ती काडीचं डोकं आपल्याकडे ओढते आणि दोन फळ्या घट्ट बसतात. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, चकती घालताना तिच्यावरचा बाण फळीच्या कडेतल्या भोकाकडे नसतो. मग काडी आत जातच नाही आणि लोक हातोडीने ठोकायला लागतात. दुसरी, काडी पूर्ण आवळलेली नसते. तिची कॉलर फळीला टेकलीच पाहिजे. एक-दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी चकती फिरते, पण पकड येत नाही आणि जोडात फट राहते. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: चकती अर्ध्या फेऱ्याच्या आसपास घट्ट होते, तरीही ‘अजून थोडं’ म्हणून पिळली जाते. चकती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. ती फुटते किंवा भोकाची भिंत चुरते. चकतीच्या मागे फळीचा जेमतेम ३-४ मिमी भाग शिल्लक असतो, तेव्हा जोर लावला तर दुसऱ्या बाजूला फुगवटाही उठतो. एवढं सांभाळलं तर मात्र कॅम लॉक दुसऱ्या जोडणीत पूर्ण गुण मिळवतो, कारण चकती भुशात आटे कापत नाही. काडी फळीत आहे तशी राहू दिली तर खोलताना भोकाला धक्काच लागत नाही.

कॅमच्या शेजारी ८ मिमीच्या लाकडी खुंट्या असतात. त्या वजन पेलतात आणि फळ्या सरकू देत नाहीत. त्यांच्याशिवाय जोडलेलं कपाट लवकरच खिळखिळं होतं. त्यांना फेविकॉल लावावा का? कायमच्या घरात जरूर लावावा, जोड दुप्पट पक्का वाटतो. भाड्याच्या घरात लावू नये. डिंक लावलेली खुंटी निघताना फळीचा टवका घेऊनच निघते.

आता पाठ. कपाटाची मागची ३ मिमीची पातळ पाठ बऱ्याच जणांना नुसती धूळ अडवणारी वाटते. खरं तर कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, ठेवण्याचं जवळजवळ सगळं काम तीच करते. पाठ नसलेलं कपाट खांद्याने हलकं ढकलून बघा, ते समांतरभुज चौकोनासारखं डावी-उजवीकडे झुलतं. म्हणून पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. ८० बाय २०२ च्या चौकटीचा कर्ण सुमारे २१७ सेंमी येतो. दोन कर्णांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर तळहाताने दाब देऊन चौकट सरळ करायची आणि मगच पहिला खिळा. खिळे प्रत्येक १० सेंमीवर. जुन्या धाटणीच्या कपाटांत ही खिळ्यांची पाठच दुसऱ्या जोडणीत नापास होते: उपटताना पापुद्रा फाटतो, भोकं मोठी होतात. बिलीच्या अलीकडच्या आवृत्तीत खिळ्यांच्या जागी खटक्याने बसणारे जोड आले आहेत आणि भाडेकरूच्या दृष्टीने ही त्या कपाटातली सगळ्यात मोलाची सुधारणा आहे. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं घेत असाल तर हा प्रश्न आधी विचारा: पाठ खाचेत सरकते, स्क्रूने बसते की खिळ्याने? खाचेत सरकणारी उत्तम, स्क्रूची चालेल.

फळीला झोळ येण्याचं गणित साधं आहे आणि ते कळलं की निम्मी खरेदी बदलते. मीटरमागे वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी निम्मी केली, तर झोळ सोळावा हिस्सा उरतो. जाडी १६ वरून १८ मिमी केली, तर झोळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे जाडीपेक्षा लांबी कमी करण्याचा फायदा कितीतरी मोठा. बिलीच्या ८० सेंमी रुंद कपाटात एका फळीवर ३० किलोची मर्यादा दिलेली असते. साध्या कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांची ओळ त्यात आरामात बसते. मोठ्या आकाराची, गुळगुळीत जाड कागदाची चित्रमय पुस्तकं मात्र ही मर्यादा सहज ओलांडतात. तशी पुस्तकं असतील तर झोळ कमी यावा म्हणून ८० सेंमीच्या एका कपाटाऐवजी ४० सेंमीची दोन घ्यावीत, पण त्यांच्या फळीची मर्यादाही बघून घ्यावी. शिवाय पार्टिकल बोर्डाला आलेला बाक वजन काढल्यावर पूर्ण जात नाही. फळीच्या खालच्या अंगाला खाचा नसतील आणि दोन्ही बाजू सारख्या असतील, तर वर्षातून एकदा ती उलटी करून ठेवली की बाक बराचसा परत येतो.

चौकोनी खणांची मांडणी, म्हणजे आयकियाची कॅलॅक्स, भाड्याच्या घरासाठी बिलीपेक्षाही उजवी आहे. ७७ बाय १४७ सेंमीची, ३९ सेंमी खोल, आठ खणांची मांडणी पलंगाशेजारी आडवी, भिंतीशी उभी किंवा खोलीच्या मधोमध आडोसा म्हणून चालते. एकाच घरात तिची भूमिका तीनदा बदलू शकते. बाहेरची चौकट ॲलन कीच्या (षटकोनी किल्लीच्या) लांब स्क्रूंनी आणि आतल्या फळ्या खुंट्यांनी बसतात, त्यामुळे खोलणं सोपं. प्रत्येक खणाला १३ किलोची मर्यादा आहे आणि ती मनापासून पाळावी, कारण फळ्यांच्या आत कागदाची जाळी आहे. जोडताना ती जमिनीवर आडवी ठेवूनच जोडायची. आतली एक खुंटी जरी भोकाशी सरळ नसेल आणि वरून बाजूची फळी दाबली, तर खुंटी पापुद्रा फोडून बाहेर येते. अशा वेळी सगळ्या खुंट्या भोकांच्या तोंडाशी आणायच्या, आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तळहाताने थोपटत जायचं. रबरी हातोडी नसेल तर फळीवर जुना टॉवेल घडी करून ठेवावा आणि त्यावरून ठोकावं.

पोकळ फळीची टेबलं, लॅक किंवा लिनमॉनसारखी, हलकी म्हणून एकटा माणूस जिन्यावरून नेऊ शकतो. पण त्यांच्याकडून टेबलाचंच काम घ्यावं. मॉनिटरचा हात किंवा दिवा कडेला शिकंजाने आवळला की आतली जाळी चेपते आणि वर कायमचा खळगा पडतो. आवळायचंच असेल तर वरखाली १०-१२ मिमी प्लायवुडचे तळहाताएवढे तुकडे द्यावेत, म्हणजे दाब पसरतो. पायांचे स्क्रूही फक्त कारखान्याने केलेल्या भोकांतच घालायचे. दुसरीकडे भोक पाडलं तर स्क्रूला धरायला आत लाकूडच नसतं. दुसऱ्या जोडणीत ही टेबलं कशीबशी उत्तीर्ण होतात. रोज आठ तास काम करायला टेबल हवं असेल, तर १८ मिमी किंवा अधिक जाडीची भरीव फळी आणि लोखंडी पाय घ्या. लोखंडी पायांचे बोल्ट फळीत बसवलेल्या धातूच्या नटात जात असतील तर कितीही वेळा खोला.

ड्रॉवरच्या कपाटाबाबत मात्र कसोटीच्या आधी सुरक्षितता येते. २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे २.९ कोटी ड्रॉवर-कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले होते. यामागची यंत्रणा समजून घ्या. दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर आले की गुरुत्वमध्य पुढच्या पायांकडे सरकतो आणि त्यात मूल ड्रॉवरवर चढलं की कपाट कोसळतं. गालिच्यावर ठेवलेलं कपाट मुळातच पुढे झुकलेलं असतं. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत यासाठी खास कायदा झाला; आता तिथली चाचणी भरलेले, उघडे ड्रॉवर, गालिचा आणि ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलोपर्यंतच्या मुलाचा भार धरून होते. तुमच्या देशात नियम कुठलाही असो, ड्रॉवरचं कपाट आणि उंच पुस्तककपाट भिंतीला बांधायचंच. घरात मूल नसलं तरी.

इथे भाडेकरू अडखळतो, कारण भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते. ती करारावर सही करण्याआधीच लेखी मागावी, ‘सुरक्षिततेसाठी कपाटामागे दोन भोकं, जाताना बुजवून देऊ’ अशा स्पष्ट शब्दांत. कपाट भिंतीला धरणारा क्लॅम्प बरेचदा खोक्यात असतो, भिंतीचा स्क्रू आणि प्लग (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात बसणारी प्लास्टिकची नळी) बरेचदा नसतात, कारण भिंत कशाची आहे हे कंपनीला माहीत नसतं. भरीव वीट किंवा काँक्रीट असेल तर ६ मिमीचं भोक, ६ मिमीचा प्लग आणि ४ ते ४.५ मिमीचा स्क्रू. भोक प्लगपेक्षा सेंटीमीटरभर खोल पाडा आणि आतली धूळ फुंकून काढा. धूळ राहिली तर प्लग गोल गोल फिरत राहतो. भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर हाच प्लग घालू नका, तो ओढाताणीत निखळतो. तिथे बोर्डामागच्या चौकटीत थेट स्क्रू घालावा किंवा पंख उघडणारा टॉगल वापरावा. भोक पाडण्याआधी ते स्विच आणि नळाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत येत नाही ना, हे बघा; तिथे भिंतीत वायर किंवा पाइप असू शकतो.

उंच वॉर्डरोब घेताना उंचीचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. जमिनीवर आडवं जोडून उभं करायचं कपाट उचलताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. २३६ सेंमी उंच आणि ५८ सेंमी खोल कपाटाला त्यासाठी २४३ सेंमी छत लागतं. २४० च्या खोलीत ते शेवटच्या क्षणी अडकतं आणि मग सगळं परत खोलावं लागतं. छत कमी असेल तर २०१ सेंमीचं कपाट घ्या किंवा उभ्यानेच जोडता येणारी रचना निवडा. दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टचा कर्ण हेही मोजा, पण खोक्याच्या मापाने. खोकं कपाटापेक्षा लहान असतं हाच तर या फर्निचरचा फायदा.

पलंगाचं थोडक्यात. चौकटीचं बाहेरचं माप नको, आतलं मोजा. गादीची लांबी काही ठिकाणी १९० सेंमी असते, काही ठिकाणी २०० किंवा २०३, आणि एका देशाचा ‘डबल’ दुसऱ्या देशाच्या ‘डबल’शी जुळत नाही. फोमच्या गादीखाली पट्ट्यांमधली फट ७-८ सेंमीपेक्षा जास्त नसावी, नाहीतर फोम फटीत उतरतो आणि गादी दोन-तीन वर्षांत लाटांसारखी होते. १४० सेंमीपासून पुढच्या रुंदीला मधोमध लांबीच्या दिशेने जाणारा दांडा आणि त्याला जमिनीवर टेकणारा पाय हवाच. हा पाय बऱ्याचदा जमिनीपासून थोडा वर राहतो. पलंगावर बसून दुसऱ्याला बघायला सांगा आणि टेकेपर्यंत फिरवून लांब करा. पलंग करकरायला लागला तर दोष बहुतेक वेळा बोल्ट सैल झाल्याचा असतो: पहिल्या जोडणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. गुंडाळून आलेली गादी पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस लागतात, तेव्हा ती राहायला जायच्या आदल्या दिवशी न मागवता आधी मागवा.

हत्यारं फार लागत नाहीत, पण योग्य लागतात. खोक्यातल्या स्क्रूंची फुली नीट बघा. मुख्य फुलीच्या मधोमध बारीक तिरक्या रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह स्क्रू, त्याला पीझेड-२ बिट, म्हणजे त्या मापाचं स्क्रूड्रायव्हरचं टोक, लागतं. साधं फिलिप्सचं पीएच-२ त्यात बसल्यासारखं वाटतं, पण जोर लागला की निसटून डोकं खाऊन टाकतं. ४ आणि ५ मिमीचं ॲलन बिट, मोजपट्टी, छोटी पाणसळ, रबरी हातोडी एवढं पुरतं. बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर वापरायचा तर क्लच (जोर मर्यादित ठेवणारी आकड्यांची कडी) सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हातानेच द्या. ताकदीच्या मशीनने भुशाचे आटे किती लवकर जातात हे हाताला कळतही नाही.

खोकं उघडल्यावर आधी सगळे सुटे भाग मोजा. आयकियाच्या पुस्तिकेत प्रत्येक स्क्रू-खुंटीला सहा आकडी क्रमांक असतो आणि हरवलेला भाग त्याच क्रमांकाने मागवता येतो. म्हणून पुस्तिका फेकू नका. फळ्यांचा वास येत असेल तर तो बहुधा डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा. ई१ किंवा कार्ब फेज २ (हा वायू मर्यादेत असल्याचे दर्जे) हे शब्द लेबलवर शोधा आणि पहिले काही दिवस कपाटाची दारं, ड्रॉवर आणि खिडक्या उघड्या ठेवा.

खोलताना घाई नको. आधी पाठ, मग खुंट्यांवरच्या फळ्या, शेवटी चौकट. कॅमची चकती बाण भोकाकडे येईपर्यंत उलट फिरवा, फळी सरळ रेषेत ओढा. हिसके देऊन डोलवली तर खुंटीच्या भोकाची कड तुटते. प्रत्येक फळीच्या न दिसणाऱ्या कडेवर ‘डावी, वर पुढे’ असं पेन्सिलीने लिहा. स्क्रू पिशवीत घालून पिशवी फळीच्या कच्च्या बाजूला चिकटवा; कागदी पापुद्र्यावर चिकटपट्टी लावली तर पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. जोडलेलं कपाट टेम्पोतून आहे तसं नेण्याचा मोह आवरा. वळणावळणाला चौकट पिळवटते आणि एका प्रवासात जोड जेवढे सैल होतात तेवढे दोन वर्षांच्या वापरात होत नाहीत.

पुन्हा जोडताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. बारीक ‘टक’ होऊन तो किंचित खाली बसतो, म्हणजे जुन्या आट्याची सुरुवात सापडली. तिथून सरळ आवळा. भोक सैल झालंच असेल तर दोन-तीन काड्यापेटीच्या काड्यांची गुलं तोडून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, कडेला कापा, २४ तास वाळू द्या. बिजागरीसारख्या वजनदार जागी हे पुरत नाही. तिथे भोक ८ मिमीचं करून लाकडी खुंटी डिंकाने बसवा आणि तिच्यात नवं बारीक भोक पाडा.

वापरलेलं फ्लॅटपॅक कुणाकडून विकत घेत असाल तर उजेडात आडवं करून त्याच्या पायथ्याची कड बघा. पुसलेल्या फरशीचं पाणी सगळ्यात आधी तिथे शिरतं. कड फुगून फुलकोबीसारखी झाली असेल तर सौदा सोडा, फुगलेला बोर्ड परत बसत नाही. मग कॅमच्या चकत्यांवरून बोट फिरवा, फळीच्या पातळीच्या वर आलेल्या असतील तर आतली भिंत गेली. पाठीवर बाहेरून टेप दिसला तर खिळ्यांची भोकं फाटलेली आहेत असं समजा. ही तीन ठिकाणं शाबूत असतील तर ओरखड्यांकडे दुर्लक्ष करून घ्या, आणि घरी आणल्यावर पायांखाली ५ मिमीचे रबरी किंवा फेल्टचे तुकडे लावा, म्हणजे पुसताना कड पाण्यात उभी राहणार नाही.